डावी काच

मेहुणीचा फोन आला तेव्हा चष्मेवाला एका गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवत होता. "भाऊजी, ताई गेली," एवढंच ती म्हणाली. त्याने काडी नीट बसवली, गिऱ्हाइकासमोर आरसा धरला, आणि मग दुकानाचं शटर ओढून घेतलं.

आजार काही जिवावरचा नव्हता. बायकोच्या डाव्या डोळ्यामागे विनाकारण सूज धरली होती आणि डोळा पुढे आला होता. कॅन्सर नाही, फार क्वचित कुणाला होतं हे, औषधाला दाद देत नाही म्हणून थोडे किरण देऊ, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. डोकं हलू नये म्हणून तिच्या चेहऱ्यावर गरम प्लास्टिकची जाळी दाबून मुखवटा बनवला होता; डाव्या डोळ्याचा फुगवटाही त्यात उठला होता. ठरलेल्या किरणांपैकी निम्मे देऊन झाले असताना, दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्या तिचं हृदय थांबलं. सुजेचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं सगळे म्हणाले.

डोळा पुढे आल्यापासून तिच्या पापण्या काचेला आतून घासायच्या. त्याने फ्रेम डावीकडे बाहेर वाकवून दिली, तरी बारीक रेघा उठायच्याच. रोज सकाळी तो त्या पुसून द्यायचा. "डोळा जागेवर आला की फ्रेम सरळ करून द्या हं," ती म्हणायची. "असलं वाकडं ध्यान घालून मी कुठे जायची नाही." त्याने कबूल केलं होतं.

मेहुणीने दवाखान्यातून मुखवटा घरी आणला. तो फेकवेना. त्याने तो फडताळात उभा केला आणि तिचा चष्मा त्याच्यावरच चढवला.

दुसऱ्या दिवशी डाव्या काचेवर आतून रेघा होत्या.

आपलंच बोट लागलं असेल, म्हणून त्याने काच पुसली. पण बोटाचा डाग पसरट असतो आणि पापणीची रेघ कमानदार, हे त्याला आयुष्यभराच्या धंद्याने शिकवलं होतं. त्याने काच साबणाने धुतली, फडताळाला कुलूप लावलं. सकाळी रेघा होत्याच. हळूहळू भीती सरली आणि तो उठल्या उठल्या फडकं घेऊन फडताळाशी जायला लागला. चहा नंतर.

एकदा मेहुणी आली. मुखवट्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"भाऊजी, सूज उतरलीये हो."

"प्लास्टिक आहे ते. उन्हाने बसलं असेल."

"फडताळात कुठलं ऊन?"

तो तिच्यासाठी पाणी आणायला गेला.

त्यानंतर रेघा कमी होत गेल्या. फिकट झाल्या. मग एकच उरली, कडेला. त्या दिवशी त्याने काच पुसली नाही.

काल तीही नव्हती.

त्याने मुखवट्याचा डावा डोळा चाचपला. उजव्याइतकाच सपाट होता. जाळी कोमट लागली.

पक्कड शेजारीच होती. दोन मिनिटांचं काम.

फ्रेम अजून वाकडीच आहे.