सोबत्याची मुलाखत

चाळीस वर्षं मी दुकानांतली वजनं-मापं तपासली. पाच ग्रॅमचा फरकही कधी डोळ्याआड केला नाही. बायको म्हणायची, "यांच्याशी संसार म्हणजे रोज तराजूत उभं राहायचं." त्याच बायकोला विस्मरणाचा आजार जडला आणि एका नव्या औषधाच्या चाचणीत आम्ही तिचं नाव नोंदवलं.

दर महिन्याला रुग्णासोबत घरचं एक माणूस जायचं. आधी त्या सोबत्याला एका खोलीत बसवून गेल्या रविवारी घरात काय काय घडलं ते बारकाईनं उतरवून घ्यायचे. मग पलीकडच्या खोलीत रुग्णाला तेच प्रश्न. दोन्ही कागद जितके जुळतील तितके गुण. खोलीतलं घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं. दुसऱ्या खेपेला मी स्टुलावर चढून ते लावून दिलं. सिस्टर हसली, पण मला बरं वाटलं.

पहिले दोन महिने बायकोला रविवार आठवलाच नाही. तिसऱ्या महिन्यात सिस्टर लगबगीनं बाहेर आली.

"काका, काकूंनी कमाल केली! मुलगी आली, पंखा बंद पडला, तुम्ही चिडलात, सगळं सांगितलं. फक्त एक जास्तीचं. घरासमोर कुणी गृहस्थ उभे होते म्हणाल्या."

"कोणी नव्हतं," मी म्हणालो. तिनं तसं लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात ते गृहस्थ जिन्यात होते. त्याच्या पुढच्या महिन्यात आमच्या बैठकीत, खिडकीशेजारी. बाकी सारं अचूक. मी विसरलेलंही तिला आठवत होतं. घरी ती पुन्हा माझी थट्टा करू लागली. मीठ जास्त झालं म्हटलं की, "मग मोजून घाला की तुम्हीच!" त्या थट्टेसाठी मी किती आसुसलो होतो ते माझं मलाच ठाऊक.

"कोण असतो गं तो?" मी एकदा विचारलं.

"असं काय करता? येतात की ते," ती म्हणाली आणि मटार सोलत राहिली.

मग डॉक्टरांनी मला बोलावलं. "नसलेली माणसं दिसत असतील तर औषध थांबवावं लागेल. नियमच आहे. घरी खरंच कुणी येतं का?"

औषध बंद म्हणजे ती पुन्हा भिंतीकडे बघत बसणार.

"येतो," मी म्हणालो. "माझा जुना मित्र. सांगायचंच राहून गेलं."

सिस्टरनं फॉर्म पुढे केला. मनाला येईल ते वर्णन मी लिहिलं: उंच, करडा स्वेटर, डावा पाय किंचित ओढतो. आयुष्यात पहिल्यांदा खोट्या मापावर सही केली. कागद अजून माझ्या हातातच होता, तेवढ्यात पलीकडून बायकोचा आवाज आला.

"करडा स्वेटर. आणि डावा पाय जरा ओढतात."

मी तो कागद तसाच सिस्टरच्या हातात दिला.

पुढच्या महिन्यात तिला आत सोडून मी गाडी लावायला गेलो. जागा मिळेपर्यंत दहा मिनिटं गेली. परत आलो तर सिस्टरनं मान वर केली.

"बोला, काय काम होतं?"

"मुलाखतीला आलोय. सोबती म्हणून."

"कुणाचे?"

मी बायकोच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"त्यांच्या सोबत्याची मुलाखत झाली. आत्ताच गेले ते."

टेबलावर त्या मुलाखतीचा कागद होता. त्यावर लिहिलं होतं: नळ गळत होता, मी वायसर बदलला. दुपारी पत्ते खेळलो, मी हरलो. सगळं खरं होतं. सगळं मी केलेलं होतं. शेवटचा प्रश्न होता, घरी कोण कोण होतं? त्यापुढे लिहिलं होतं, आम्ही दोघंच.

पलीकडे बायकोची तपासणी चालू होती. दार अर्धवट उघडं होतं. मी तिला हाक मारली. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि पुन्हा डॉक्टरांकडे तोंड केलं.

"आम्ही दोघंच होतो," ती म्हणाली. न अडखळता.

डॉक्टरांनी तिला पूर्ण गुण दिले.