न सुटलेलं ग्रहण

आमचा धंदा कापड रंगवायचा. घरामागे मोकळी जागा, तिथे रंगाचे हौद आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या दोऱ्या. बाबा रंगारी आणि त्यांच्या हाताखाली मी. आई लहानपणीच गेली, दादा लग्न करून दुसऱ्या शहरात. ज्योतिषीकाकांचे रंगवलेले पडदे पोचवायला म्हणून मी गेले होते, बाकी काही मनात नव्हतं.

काका म्हणजे बाबांचे बुद्धिबळातले सोबती. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्यावर कुंडल्या मांडायला लागले. आलेल्याला गोड काहीतरी सांगून वाटेला लावायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी पडद्यांची घडीसुद्धा उलगडली नाही.

"परवा सूर्यग्रहण आहे. खग्रास. बाबाला उघड्यावर जाऊ देऊ नकोस."

"का हो, काका?"

"रवी म्हणजे पिता. रवी म्हणजे तेज, नजर, घराचा कर्ता. हे ग्रहण तुझ्या बाबाच्या जन्मरवीवर पडतंय. नेमकं त्याच अंशावर."

"म्हणजे आजारी पडतील?"

त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. मग हळूच म्हणाले, "ग्रहण लागतं त्याला स्पर्श म्हणतात, सुटतं त्याला मोक्ष. मला स्पर्श दिसतो, पोरी... मोक्ष दिसत नाही."

घरी येऊन सांगितलं तर बाबा पोट धरून हसले. "बुद्धिबळात जमेना, म्हणून आता ग्रह सोडतोय माझ्या अंगावर!" एका नाट्यगृहाचा लाल पडदा रंगवायला आला होता, आणि उन्हात धरून बघितल्याशिवाय लाल रंग त्यांनी आयुष्यात कधी हातावेगळा केला नाही. दिव्याखाली सगळे रंग खोटं बोलतात, म्हणायचे. मी फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते सगळं थोतांडच वाटत होतं.

ग्रहणाच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. ऊन हळूहळू विटायला लागलं, धुऊन धुऊन पातळ झालेल्या कापडासारखं. शेजारच्या झाडाखालचे वाटोळे कवडसे सूर्यासारखेच एका कडेने कुरतडत गेले. चिमण्या गप्प झाल्या. हौदावरून गार वारा सुटला आणि ओल्या कापडाच्या वासात आणखी एक वास मिसळला, बंद खोली उघडल्यावर येतो तसा. समोरचा लाल पडदा आधी तपकिरी झाला, मग काळा.

आणि भरदिवसा अंधार पडला.

बाबा दोन दोऱ्यांच्या मधे उभे होते. पलीकडच्या ओल्या कापडाला एक फुगवटा आला. कुणीतरी मागून कपाळ टेकवावं, तसा. वारा तर पडला होता.

"कोण?" बाबा म्हणाले. मग आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "हो... आलो..."

ते कापडामागे गेले. मी धावले, कापड बाजूला ओढलं. बाबा भिंतीकडे तोंड करून एकटेच उभे होते. तेवढ्यात आभाळात लख्ख कड उमटली, ऊन परतलं. रस्त्यावरून टाळ्या, शिट्ट्या ऐकू आल्या.

"सुटलं का गं?" बाबांनी विचारलं.

"सुटलं की, बाबा!"

"मग उजेड कुठाय?"

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. बाबांनी तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. डोळ्यांत दोष नाही, म्हणाल्या. पण बोलता बोलता त्या उठून खोलीतले दिवे लावत होत्या. सगळे लावून झाले, तरी बटणं चाचपत राहिल्या. तेव्हा मला कळलं. फरक बाबांच्या डोळ्यांत नव्हताच. ते जिथे बसतील तिथला उजेडच तसा होत होता, राखेसारखा.

दादा आला. आधी माझ्यावरच चिडला, "तूच त्यांच्या डोक्यात भरवलंस!" मग मोठ्या डॉक्टरांना दाखवायला बाबांना गाडीत बसवलं. बाबा आत बसले आणि टळटळीत दुपारी गाडीचे दिवे आपोआप लागले. अंधार झाला की लागतात तसे. दादाने माझ्याकडे बघितलं. मोठ्या डॉक्टरांनाही डोळ्यांत काही सापडलं नाही.

मी काकांकडे गेले. त्यांनी दार पुरतं उघडलंच नाही.

"मोक्ष कधी होईल, काका?"

"ज्या सावलीत तो अडकलाय ती पृथ्वीवरून केव्हाच पुढे गेली."

"काही उपाय?"

"असता तर दोस्ताला सोडून मी असा दाराआड उभा राहिलो असतो का गं?" ते रडत होते. कडी लावल्याचा आवाज आला.

मग आमच्याकडे काम येईना. बाबांनी पसंत केलेला प्रत्येक रंग गिऱ्हाइकाला मळका दिसायचा. बाबांनीच हौद रिकामे करायला सांगितले, तेव्हा मी समजले, आता त्यांनी हात टेकले. माणूस हाडाचा रंगारी, आणि त्याला लाल आणि काळा सारखाच. जेवण कमी होत गेलं. अंग उन्हाळ्यातही गार लागायचं.

थंडी पडायच्या आत गेले. उशाशी मी होते.

"सुटलं का गं?"

"सुटलं, बाबा."

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "खोटं बोलतेस..." म्हणाले, आणि मान कलली.

त्यांना नेलं आणि त्या खोलीत ऊन आलं. पलंगावर, भिंतीवर, पिवळंधमक. मी त्या उन्हात बसून पोटभर रडले. वाटलं, संपलं एकदाचं.

आठवडाभराने दादाबरोबर शेजारच्या झाडाखाली बसले होते. पानांतून कवडसे पडले होते, जमिनीवर, दादाच्या सदऱ्यावर, सगळे वाटोळे. एक माझ्या तळहातावर होता. त्याची एक कड कुरतडल्यासारखी गेली होती. मी हात हलवला, दुसऱ्या कवडशाखाली धरला. तोही तसाच. हात काढला की जमिनीवर तो पुन्हा वाटोळा.

दादाला बोलले नाही. तेव्हापासून उन्हात जायचंच टाळते. पण काल खिडकीच्या फटीतून एक कवडसा आलाच हातावर. चंद्रकोरीएवढा उरलाय.