गुरुदत्तांचं इटालियन गाणं

"बाबांची रेकॉर्ड चोरीला गेलीय," ऊर्मी म्हणाली. "पोलिसांनी सीरियसली घेतलंच नाही. पण त्या रेकॉर्डशिवाय बाबा बोलतच नाहीत!"

अरुणा दाभाडेने हातमोजे काढले. खासगी तपासनीस म्हणून तिला बहुतेक नवऱ्यांवर पाळत ठेवायचीच कामं मिळत. सोबत तिचा मावसभाऊ मिलिंद होता. तो सॉफ्टवेअरवाला, तिची गाडी चालवायचा आणि हमखास चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

२००९ चा जानेवारी. टोरांटोजवळच्या मिल्टनमधल्या त्या नव्या घराच्या आतल्या खोलीत ऊर्मीचे बाबा गुरुदत्त भिंतीकडे बघत बसले होते. तरुणपणी ते ट्रम्पेट वाजवत. मुंबईहून बोटीने निघाले, वाटेत काही महिने इटलीतल्या जेनोवाच्या हॉटेलात वाजवलं, मग टोरांटो. तिथे १९६६ मध्ये त्यांच्या एका जॅझ गाण्याची इटालियन रेकॉर्ड निघाली. आता स्मृतिभ्रंशाने त्यांचं सगळं पुसून टाकलं होतं. ती तबकडी लागली, की मात्र त्यांची बोटं हलत आणि ते हाक मारत, "शोभा!"

"गुरुवारी सकाळी नुसतं कव्हर सापडलं," ऊर्मी म्हणाली. "दारं-कुलपं, एव्हरीथिंग जागच्या जागी."

ऊर्मीची आई, शोभाकाकू, स्वयंपाकघरात होत्या. "गेली तर गेली," त्या म्हणाल्या. "बंदरावर रडणाऱ्या बाईचं गाणं ते. किती वर्षं ऐकायचं?"

"तुम्हाला इटालियन येतं?"

"छे! हे म्हणायचे, तुझ्यावरच लिहिलंय. मी मान डोलवायचे." त्यांनी डबा पुढे सरकवला. "घ्या. शेजारच्या मारियाने केलेली बिस्किटं आहेत. तिच्या इटलीतल्या गावाकडची."

बेसमेंटमधला भाडेकरू प्रताप ब्रॅम्पटनच्या वेअरहाउसमध्ये कामाला होता. "कंप्लेंट केली होती मी. दिवसभर एकच गाणं! पण ती रेकॉर्ड घेऊन मी करू काय? गुरुवारी पहाटे तर मीच वैतागलो. प्लास्टिक जळल्याचा वास आला म्हणून वर गेलो, तर एवढ्या थंडीत किचनची खिडकी सताड उघडी. काकू म्हणाल्या, डब्याचं झाकण वितळलं."

"हाच तो," गाडीत बसताना मिलिंद पुटपुटला.

त्या रेकॉर्डवर बास वाजवणारा विटो आता एकटा राहत होता. "घरात पाणी शिरलं, त्यात माझी कॉपी गेली," तो म्हणाला. "कंपनीही बुडाली. गुरुदत्तची शेवटची. किती वेळा मागितली मी त्याच्याकडे!"

मिलिंदने अरुणाला कोपर मारलं. तिने विचारलं, "गाण्यात काय आहे?"

"मूळ शब्द इंग्रजी, गुरुदत्तचेच. बायको नागपुरात, तिचा व्हिसा होत नाही, हा इथे वाट बघतोय. पण कंपनीला इटालियन गिऱ्हाईक हवं होतं. त्यांच्या माणसाने मूळ शब्द वाचलेही नाहीत. चाल ऐकली आणि मनानेच लिहिलं: जेनोवाच्या बंदरावर प्रियकराने सोडलेली बाई, तिच्या पोटात मूल. तेव्हा असंच चालायचं."

"गुरुदत्तांना ठाऊक होतं?"

"त्याला भाषाच येत नव्हती. आपलेच शब्द आहेत समजून केवढा खूश होता! मी बोललो नाही. कुणाशीच नाही."

संध्याकाळी अरुणाने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं.

"चोर बाहेरून आला नाही," ती म्हणाली. "आणि तबकडी चोरायला आलेला माणूस कव्हर मागे ठेवत नाही. ती इथेच जळाली. प्रतापला वास आला तो तिचा. खिडकी उघडली ती वास जावा म्हणून. काकू, गुरुदत्त तुम्हाला सांगायचे, गाणं तुमच्यावर आहे. विटोने तोंड उघडलं नव्हतं. मग बंदरावरची बाई तुम्हाला कुठून कळली? घराजवळ इटालियन जाणणारं एकच माणूस दिसलं. मारिया."

"आई?" ऊर्मी उठून उभी राहिली.

"तिला ऐकवलं मी," शोभाकाकू म्हणाल्या. "ती डोळे पुसत अर्थ सांगत होती. जेनोवा. मूल. हे राहिले होते ना तिथे! चाळीस वर्षं मी दुसऱ्या बाईच्या गाण्यावर मान डोलवत बसले. जाब कुणाला विचारू? गाणं लागलं की माझं नाव घ्यायचे. वाटलं, माफी मागतायत. मला ते ऐकवेना. ओव्हनमध्ये टाकली."

मिलिंद हळूच म्हणाला, "ताई, चल. झालं ना काम."

पण अरुणाने विटोचं सगळं बोलणं सांगितलं. व्हिसा, नागपूर, कंपनीचा माणूस. बाई नव्हतीच. मूलही नव्हतं.

शोभाकाकूंनी सगळं ऐकून घेतलं. "दुसरी कुठे मिळेल का?"

"नाही."

"पण चाल मला येते. मी म्हणेन."

"आई, प्लीज, डोंट," ऊर्मी म्हणाली. तिने आईकडे पाठ फिरवली.

शोभाकाकू तरीही आत गुरुदत्तांकडे गेल्या. बाहेर सगळ्यांना ऐकू येत होतं. शब्द नव्हते, नुसती गुणगुण, मध्येच सूर हरवणारी. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. मग ती थांबली, आणि वाटीत चमचा वाजला.

अरुणा कोट चढवून निरोप घ्यायला दारापर्यंत गेली. शोभाकाकू गुरुदत्तांना वरणभात भरवत होत्या. गुरुदत्तांनी घास गिळला, शोभाकाकूंकडे बघितलं आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसं अदबीने ते म्हणाले, "थँक यू, मॅडम."