रागात घेतलेलं माप

तो हसला. सारं भांडण तिथूनच सुरू झालं.

बाजारहत्नूरच्या रस्त्याले लागून आमचं वावर आहे. मार्गशीर्षातली सकाळ होती, थंडी अशी की बोललं की तोंडातून वाफ निघत होती. पराटीवर दहिवर साचलं होतं आणि बाया ओळीओळीतून, तासातासातून कापूस येचून राह्यल्या होत्या, म्या शिवलेले नवेकोरे जाकीट घालून. रंग जांभळा होता. होता म्हणते, कारण थोड्याच वेळात तो दिसायचा बंद झाला. कापसाचे तंतू, वाळल्या पानाचा चुरा, बोंडाच्या नख्या, जे म्हणाल ते त्या मऊमऊ कापडाले चिकटून बसलं. साऱ्या बाया मेंढ्यांवाणी पांढऱ्या झाल्या.

आणि रस्त्यावर फटफटी थांबवून एक पोरगा त्यांच्याकडं पाहून हसून राह्यला होता.

"काऊन हसता?" म्या वावराच्या कडेच्या धुऱ्यावरूनच इचारलं. "कापूस येचणाऱ्या बाया कधी पाह्यल्या नाही का?"

"बाया कापूस येचतात ते पाह्यलं," तो म्हणाला. "कापूस बायाले येचून राह्यला, हे आज पाह्यलं."

तेव्हा म्या त्याले ओळखलं, आणि माही तळपायाची आग मस्तकात गेली. आदिलाबादच्या बाजारात सुधाकररावांचं कापडाचं दुकान आहे, त्यांचा पोरगा. प्रज्वल. दिवाळीच्या आधी यानंच थान उलगडून माह्या खांद्यावर टाकलं होतं. "हात फिरवून पाहा... सशाच्या पाठीवाणी लागते की नाही?" म्या हात फिरवला होता, आणि घेतलं होतं.

"हे कापड तुमी इकलं मले," मी म्हणाली.

त्याचं हसू मावळलं. "तुमी... दिवाळीतल्या?"

"हो, दिवाळीतली. कापूस चिकटते म्हणून सांगितलं काऊन नाही?"

"कापसात घालाचं आहे म्हणून तुमी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं नाही."

"तुमी—" तो थांबला. "कापड वाईट नाही हो. कापड कधी वाईट नसते, जागा चुकते."

"आता मले शिकवा," मी म्हणाली.

तेवढ्यात भागामावशीनं अंगातलं जाकीट काढून माह्या हातात दिलं. आमच्या वावरात ती साऱ्यात जुनी येचणारी, ती करीन तेच बाकीच्या करतात. "पोरी, राग नको मानू," ती म्हणाली. "गरम हाय, पण घरी जाऊन कापूस निवडू का जाकीट निवडू? माह्या घरच्याचा जुना शर्टच बरा."

मग एकेकीनं काढलं. धुऱ्यावर ढीग लागला.

तुमाले वाटंन, एका जाकिटापायी एवढं काय. तर ऐका. आमच्याकडं थंडी अशी पडते की हाडात शिरते, आणि बाया साडीवर नवऱ्याचा झिजलेला शर्ट चढवून येचणीले जातात. म्या शिवण शिकली तेव्हाच ठरवलं होतं की या बायांसाठी काही शिवीन. बाबांनी, म्हणजे यशवंतरावांनी, घरासमोरची खोली मले दिली, पण अटीवर. "संकरांतीपर्यंत तुहे जाकीट चालले तर खोली तुही. नाही तर खतवाला मागूनच राह्यला, त्याले देतो." म्हणून माहा सारा जीव त्या खोलीत होता. आणि हा हसत होता.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा. खाकेत कापडाचे तुकडे.

"नमुने आणले," तो म्हणाला. "आत येऊ?"

"नाही."

"मग बाहेरूनच सांगतो. माह्या मापाचा एक सदरा शिवा. एक बाही या कापडाची, दुसरी त्या कापडाची, पाठ तिसऱ्याची. मी तो घालून दिवसभर कापूस येचतो. जे कापड टिकंन ते तुमचं."

"तुमाले येचता येते?"

"नाही. म्हणून तर कापडाची खरी परीक्षा होईन."

म्या दार उघडलं, पण तोंड नीट केलं नाही. टेप गळ्यातून काढला. "हात वर करा."

"कशाले, धरून नेता का?"

"नेलं असतं, कोणी ठेवून घेत असतं तर."

म्या टेप त्याच्या छातीभोवती फिरवला. त्यानं श्वास रोखला, आणि सोडायचं नावच घेईना.

"श्वास सोडा. माप चुकते."

"तुमी लांब झाल्या तर सुटंन..."

"हा टेप गळ्याभोवतीही बसते, ध्यानात ठेवा."

म्या आकडा वाचला, आणि भिंतीवर लिहिता लिहिता इसरली. परत मोजावं लागलं. तेव्हा त्यानं न सांगताच हात वर केले.

तो सदरा घालून तो वावरात आला तेव्हा बाया हसून हसून तासात बसल्या. एक बाही खाकी ड्रिलची, शाळेच्या पोरांच्या पॅन्टीचं असते तसं जाड. दुसरी पॅराशूट कापडाची, जी नुसती हलली तरी सळसळ करे. पाठ मखमलीची, पोट सुती.

"पोरी, तू कापड पारखून राह्यली का नवरदेव?" भागामावशीनं इचारलं.

"कापड," मी म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं.

"मले दोन्ही चालते," प्रज्वल पराटीतून म्हणाला, आणि त्याच वेळी त्याच्या बोटात नखी घुसली. मले बरं वाटलं. मग त्याचं रक्त दिसलं तेव्हा तेवढं बरं नाही वाटलं. म्या ओढणीचं टोक फाडून, ओलं करून त्याच्या बोटाले बांधलं आणि वरून त्यालेच रागावली, की बोंड चिमटीत धरतात, मुठीत नाही.

दिवस कलताना तो धुऱ्यावर उभा राह्यला आणि आमी साऱ्या त्याच्याभोवती. मखमलीची पाठ पांढरीफटक. सुती पोटावर दहा ठिकाणी धागे निघालेले. पॅराशूटवर तंतू कमी, पण आतून बाही घामानं चिंब, आणि सकाळी तीच गार लागली होती. ड्रिलच्या बाहीवर म्या हात झटकला. एका झटक्यात साफ.

"घट्ट विणीचं आहे," तो म्हणाला. "तंतूले धराले जागाच नाही. दहिवरही लवकर झिरपत नाही. आतून फलालीन लावा, ऊब त्याची. बाहेरून काटा लागो का कचरा, आतल्याले पत्ता लागत नाही."

"हे दिवाळीत सांगता आलं असतं."

"दिवाळीत तुमी—" तो परत थांबला. हे त्याचं अर्ध्यावर थांबणं मले सहन होत नव्हतं.

"आन रंग?" भागामावशी म्हणाली. "खाकी घालू? आमी का कंडक्टर हाव?"

प्रज्वल आदिलाबादेहून डाळिंबी आणि मोरपंखी ड्रिल घेऊन आला. म्या मान मोडून शिवलं. भागामावशीनं डाळिंबी घातलं, दिवसभर येचलं, संध्याकाळी झटकलं आणि तेच घालून बाजारात गेली. बस, मग मले बसायला फुरसत राह्यली नाही. शेजारच्या गावच्या बाया आल्या, मग पहाटे सायकलवर फिरणारा दूधवाला आला, उटनूरच्या बाजारातल्या एका दुकानदारानं फोन केला. प्रज्वल कापड आणायच्या निमित्तानं यायचा, आणि मी त्याच्यावर ओरडायच्या निमित्तानं त्याची वाट पाहायची. काजे नीट कापत नाही म्हणून ओरडायची. चहा थंड केला म्हणून ओरडायची. एखाद्या दिवशी नाही ओरडली तर तो म्हणायचा, "आज आवाज बसला वाटते, तब्येत बरी आहे ना?"

बाबा मात्र चूप. खोलीचं नाव नाही, जाकिटाचं नाव नाही. त्यामुळं मी त्यांच्यावरही रागावलेली. साऱ्या गावाले शिवलं, बाबाले नाही शिवलं.

आणि कोपऱ्यात जांभळ्या जाकिटांचा तो ढीग. त्याच्याकडं पाठ करूनच मी मशीनवर बसायची. एक दिवस ध्यानात आलं, ढीग कमी झाला. चार दिवसांनी आणखी कमी. मी नसताना खोलीत येणारा-जाणारा मले एकच माहीत होता.

"जांभळे जाकीट तुमी नेले?" म्या इचारलं. भागामावशी आणि दोघी-तिघी माप द्याले आल्या होत्या, त्यांच्यासमोर.

"नाही."

"मग कोणं नेले, उंदरांनी? इकून आले असान दुकानातून. तुमाले काय, कापड एकदा इकलं, जाकीट दुसऱ्यांदा इकलं."

त्याच्या हातात मोरपंखी थान होतं. त्यानं ते सावकाश खाली ठेवलं. नेहमीवाणी काही तिरकस बोलंन असं वाटलं. "म्या बोटं फोडून घेतली तुमच्या वावरात," तो हळूच म्हणाला, "आन तुमी मले चोर म्हणता." आणि गेला.

फटफटीचा आवाज दूर जाईपर्यंत मी मशीन चालवत राह्यली. सुईत दोराच नव्हता.

त्यानंतर थान बसच्या कंडक्टरच्या हातून यायचं. तो नाही आला. मीही फोन केला नाही, काऊन करू? चोरी त्यानं केली आणि फोन मी करू?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दारात टेम्पो लागला. खताची पोती. म्या दारात आडवी उभी राहून ड्रायव्हरले म्हटलं, एक पोतं उतरवलं तर याद राख. आणि तशीच तरातरा निघाली बाबाले शोधायला. गावातल्या पारावर शेकोटी पेटली होती, नेहमीचे म्हातारे भोवती बसले होते. मी दुरूनच ओरडणार होती, तेवढ्यात दिसलं.

सारे म्हातारे जांभळे होते. एकूणएक. मधोमध बाबा, गळ्यापर्यंत चेन लावून.

"बाबा... हे?"

"थंडी वाजत होती," बाबा म्हणाले. "तू तर मले शिवून देणार नव्हती. कोपऱ्यातलं एक घातलं. मग यायले पायजे झालं, त्यायले पायजे झालं."

"मले न इचारता?"

"इचारलं असतं तर तू खाल्लं असतं मले. पैसे घरी डब्यात हायेत."

बाजूचे अमृतराव बाहीवरून हात फिरवत म्हणाले, "पोरी, लय मऊ हाय बा. आमाले कुठं कापूस येचाचा हाय? सकाळ-संध्याकाळ इथंच बसतो. आणखी एक पाठवजो, भावाले पायजे."

कापड वाईट नसते, जागा चुकते. तो पह्यल्याच दिवशी बोलला होता.

"आन टेम्पो?" माहा आवाज फाटला.

"तो रस्ता चुकला. खतवाल्याले गोठ्याजवळचं छप्पर दिलं म्या," बाबा शेकोटीत काडी सारत म्हणाले. "खोली तुही. आता जाकिटाच्या बाह्या जराशा लांब कर, मनगट उघडं राह्यते."

खोली माही झाली होती. म्या रडाले पाह्यजे होतं, हसाले पाह्यजे होतं. पण मले नुसता राग येऊन राह्यला होता, आणि रागवायले आता माह्याशिवाय कोणीच उरलं नव्हतं. जशी होती तशी हायवेवरच्या इच्चोड्याले गेली आणि आदिलाबादची बस धरली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो थानाची घडी घालत होता. मले पाहून हात थांबला, मग परत चालू झाला.

"काय दाखवू?" त्यानं गिऱ्हाइकाच्या आवाजात इचारलं.

"माफी," मी म्हणाली.

"कोणत्या रंगात?"

"चेष्टा नका करू. जाकीट बाबांनी नेले होते. मी चुकली. लोकांसमोर बोलली, लोकांसमोर माफी मागीन. भागामावशीसमोर मागीन. झालं?"

"माफी मागून राह्यल्या का भांडून राह्यल्या?"

"मले एकच आवाज आहे." माहे कान तापले. आता तोंड उघडलंच होतं, तर म्हटलं होऊन जाऊ दे. "आन दिवाळीचंही ऐका. कशासाठी पायजे ते म्या सांगितलं नाही, कारण म्या कापड पाह्यलंच नाही. तुमी खांद्यावर टाकलं आन मी तुमच्याकडं पाहत बसली. सारा हिवाळा तुमच्या नावानं बोटं मोडली ती यासाठी. आता हसा."

तो हसला नाही. थानाची घडी त्याच्या हातातून सुटली.

"आमच्या धंद्यात पह्यला सवाल तोच असते," तो म्हणाला. "कशाले पायजे? म्या त्या दिवशी मुद्दाम नाही इचारला. तुमी काही वेगळं सांगितलं असतं, तर हे नका घेऊ म्हणावं लागलं असतं... आन तुमी दुसऱ्या दुकानात गेल्या असत्या."

रस्त्यावरून गार वारा आत आला. त्याच्या अंगात नुसता पातळ सदरा होता, बाह्या दुमडलेल्या.

"साऱ्या जिल्ह्याले जाकिटाचं कापड देता, आन तुमच्या अंगावर?"

"मले कोणी शिवून दिलं नाही."

माहा हात गळ्याकडं गेला. टेप तिथंच होता, पारावरून, बसमधून, भर बाजारातून तसाच लटकत आला होता. म्या तो काढला.

"माप तर आहे तुमच्यापाशी," तो म्हणाला. "भिंतीवर लिहिलेलं."

"ते रागात घेतलं होतं."

"आज राग नाही?"

"आहे," मी म्हणाली. "हात वर करा."

त्यानं हात वर केले. म्या टेप त्याच्या छातीभोवती फिरवला, आणि आकडा वाचायच्या आधी बराच वेळ तसाच धरून ठेवला.