बिनगळाची माशी

हेस्टर आयव्हसनच्या हातच्या, गळावर बांधलेल्या नकली माश्यांवर व्हार्फ नदीतले ट्राउट मासे हटकून भाळायचे. बारीकसा गळ चिमटीत धरायचा, मेण लावलेला नारिंगी रेशमी दोरा त्यावर लपेटायचा, मानेशी तित्तराच्या मऊ पिसाचा एखादा वेढा द्यायचा, की झाली माशी. पाण्यात गेली की पीस श्वास घेतल्यासारखं हलायचं. जास्त वेढे देणारा अडाणी, असं तिचा नवरा रूबेन म्हणायचा. मार्चच्या पुरात तो वाहून गेला. प्रेत सापडलं नाही, म्हणून हेस्टर त्याला मेला म्हणायला तयार नव्हती. दीर अमोसने मात्र त्याच्या नावाचा थडग्याचा दगड कोरून घेतला होता आणि रविवारी तो चॅपलच्या आवारात बसायचा होता.

शनिवारी सकाळी अमोस डोहावर गळ टाकायला निघाला, तेव्हा ती भांडायलाच त्याच्यामागून गेली.

"उद्या बसवायचा म्हणजे बसवायचा," अमोस म्हणाला. "गावात तोंड दाखवायचंय मला."

"सख्ख्या भावाला गाडायची एवढी घाई? आणि गाडणार काय, त्याची टोपी?"

अमोस काही बोलणार तेवढ्यात मासा लागला. त्याने तो रिवाजाप्रमाणे तिथेच चिरला, पोटातलं सगळं बशीत काढलं आणि वर पाणी ओतलं. मासा आज काय खातोय ते बघायचं आणि तसलीच माशी बांधायची, हे इथली पोरं धड बोलायच्या आधी शिकतात.

हेस्टर बशीवर वाकली. काळ्या गाळातून एक नारिंगी ठिपका सुटा झाला आणि त्याचं पीस उलगडलं.

"हा किडा नव्हे, अमोस. ही बांधलेली आहे."

"तुटली असेल कुणाची तरी."

"मग गळ कुठाय?"

गळ नव्हताच. दोऱ्याचे वेढे उलट्या अंगाने गेलेले, डावखुऱ्या हाताचे. सगळ्या खोऱ्यात डावखुरा बांधणारा एकच होता, रूबेन. तिने नख लावून पाहिलं. गार पाण्यात मेण कडक होतं, हे अजून मऊ होतं, म्हणजे माशी नुकतीच बांधलेली.

हेस्टरला असा आनंदाचा उमाळा आला की ती मोठ्याने हसली. "जिवंत आहे! वर नदीकाठी कुठेतरी दडून बसलाय मेला, आणि मला माश्या बांधून पाठवतोय!"

"बिनगळाची माशी कोण कशाला बांधेल?" अमोस एक पाऊल मागे सरला. "टाक ती. टाक म्हणतो ना, हेस्टर!"

ती कसली ऐकतेय. गळ नाही तर दोरा लपेटलाय कशावर, हे तिला बघायचंच होतं. तिने झग्याला टोचलेल्या सुईने टोक मोकळं केलं आणि दोरा सैलसर बोटाला गुंडाळत उलगडायला लागली. एका माशीला वीतभर दोरा पुरतो. हा वीतभर सुटला, हातभर सुटला, सुटतच राहिला.

मग तिच्या लक्षात आलं, तळहातावर माशीच नाही. दोरा तिच्या बोटापासून गवतावरून डोहाकडे गेला होता.

"अमोस, दुसरं टोक तू धरलंयस ना?"

"मी तुझ्या मागे उभा आहे गं."

दोरा ताठ झाला.

एक हलकासा हिसका बसला. मासा नीट लागलाय का ते बघायला देतात तसा.

"रूबेन?" ती म्हणाली.

अमोसने तिला मागून कव घातली तेव्हा पाणी तिच्या कमरेला लागलं होतं. आपण चालत गेलो हे तिला कळलंच नव्हतं. त्याने चाकूने दोरा कापला. कापलेलं टोक सपकन खाली गेलं, आणि डोह पुन्हा जसाच्या तसा.

काठावर तिचे दात वाजत होते.

"बसव दगड," ती म्हणाली. "उद्या नको. आत्ताच बसव."

अमोस तिच्या बोटाकडे बघत होता. सैल गुंडाळलेला दोरा आता नखापासून पेरापर्यंत घट्ट, एकसारखा, उलट्या अंगाने बसला होता. शेवटी पक्की गाठ होती आणि गाठीत, माशीच्या मानेशी असतं तसं, तित्तराचं एक मऊ पीस बांधलेलं होतं.