अज्ञानकवच

मिरजेत सतारी बनवणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर अनुभवकोशाच्या दोन खोल्या होत्या. खालून दिवसभर भोपळे घासल्याचा आवाज येई आणि लाकडाची बारीक भुकटी जिन्याने वर येऊन टेबलांवर बसे. कोश चालवणाऱ्या वत्सला मगदूम रोज आल्या आल्या आधी ती पुसत. आज त्यांनी नुसती फुंकर मारली आणि खुर्चीत बसल्या. फडकं आणायला उठायचासुद्धा कंटाळा आला होता.

समोर डॉ. सलमा बारगीर, कोशाची एकुलती एक शास्त्रज्ञ, मसुदा घेऊन बसली होती. सोमवारी तो राज्याच्या तज्ज्ञ समितीकडे जायचा होता.

"वाचते, ऐका. कुठे अवघड वाटलं तर थांबवा," असं म्हणून सलमाने सुरुवात केली. "'अनुभवकोश नैराश्याच्या आणि चिंतेच्या रुग्णांनी स्वतः उभा केला. त्याचे चौदाशे सभासद रोज दोन गोष्टी देतात. दिवस कसा गेला ते आपल्या शब्दांत, आणि मनगटावरच्या घामपट्टीचं मोजमाप. शरीरात कुठे सूज धुमसत असली की काही प्रथिनं वाढतात. त्यांना आम्ही दाहकण म्हणतो. घामपट्टी ती मोजते. चौदाशे जणांची वाक्यं आणि दाहकण शेजारी ठेवल्यावर असं दिसलं, की नैराश्याचा उतार, म्हणजे माणूस अंथरुणाला खिळतो तो काळ, सुरू होण्याआधी अकरा दिवस दाहकण चढू लागतात आणि वाक्यं आखूड होतात. माणसाला स्वतःला मात्र तेव्हा काहीच जाणवत नसतं.'"

"बास. 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांना एवढं पुरे," वत्सलाताई म्हणाल्या. एकोणीस वर्षं त्यांनी तेच ऐकलं होतं. मन रमवा, फिरायला जा, देवाचं काहीतरी करा. शेवटी शेवटी तर वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं.

"आता पुढचं महत्त्वाचं. 'सुरुवातीला वीस सभासदांना फोनवर संदेश पाठवून उताराची पूर्वसूचना दिली. त्या धसक्याने त्यांचे दाहकण आणखी चढले आणि उतार नेहमीच्या दुप्पट खोल गेले.'" सलमा अडखळली. त्या विसांत वत्सलाताई होत्या. त्यांचा तो उतार सात आठवड्यांचा होता. त्यातच थोरली बहीण गेली, आणि दोन गल्ल्या सोडून असलेल्या तिच्या घरी जायला त्यांना उठता आलं नव्हतं.

"वाच गं. मला काही होत नाही."

"'तेव्हापासून नियम केला, की पूर्वसूचना रुग्णाला सांगायची नाही. त्याऐवजी दुसरा सभासद डबा घेऊन सहज आल्यासारखा घरी जातो, दिवसाआड, उतार संपेपर्यंत. रुग्णाला संशय येऊ नये म्हणून ज्यांना उतार येणार नाही अशांकडेही अधूनमधून लटक्या फेऱ्या होतात. गेल्या चार वर्षांत उतारांची खोली निम्म्यावर आली. रोजच्या प्रश्नावलीत "उतार येणार असं वाटतंय का?" याला जवळजवळ सर्वांचं उत्तर "नाही" असतं. म्हणजे न कळणं हेच रुग्णाचं रक्षण करतं. याला आम्ही अज्ञानकवच म्हणतो. ते राज्यभर लागू करावं.'"

"नाव झकास आहे," वत्सलाताई म्हणाल्या.

सलमा हसली, पण नजर कागदावरच ठेवली. मग उगीचच म्हणाली, "चहा मागवू? जेवलात ना सकाळी?"

जेवलात ना! इतक्या वर्षांत या पोरीने कधी कोणाच्या जेवणाची चौकशी केली नव्हती. वत्सलाताईंना काल घरी आलेला डबा आठवला.

काल शिवलीला चौगुले येऊन गेली होती. शिवलीला कोशातलीच, चिंतेची जुनी रुग्ण, सांगलीहून येणारी. "काय ताई, इकडनंच चालले होते, म्हटलं डोकावून जावं," असं म्हणत तिने भरल्या वांग्यांचा डबा ओट्यावर ठेवला आणि न विचारता माठ भरला. त्याच्या दोन दिवस आधीही तीच आली होती. वत्सलाताईंनी तेव्हा मनाची समजूत घातली होती, की असेल लटकी फेरी. आता समजूत घालायची सोय नव्हती. लटक्या फेऱ्यांची यादी दर आठवड्याला त्या स्वतःच करत, आणि या आठवड्याच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

खऱ्या फेऱ्यांची यादी सभासदांची वाक्यं आणि दाहकण तपासणारं यंत्र काढी आणि ती एकट्या सलमाकडे जाई.

त्यांनी विचारलं नाही. विचारून काय होणार? कळायचं ते कळलंच होतं. त्यांनीच केलेल्या नियमाप्रमाणे आता त्यांचं कवच फुटलं होतं. या वेळचा उतारही सात आठवड्यांचा, कदाचित त्याहून वाईट. त्या लवकर घरी गेल्या आणि रोजच्या प्रश्नावलीत "उतार येणार असं वाटतंय का?" याच्यापुढे "नाही" लिहिलं. हो लिहिलं असतं तर सलमाला वाटलं असतं, की शिवलीलाच्या तोंडून फुटलं. ज्याच्याकडून फुटलं त्याच्या फेऱ्या बंद होत. बिचारी एवढ्या लांबून येते, तिच्यावर कशाला बालंट?

शनिवारी सकाळी वत्सलाताईंनी शेंगदाणे भाजायला घेतले. हात जड झाले होते, पण करायला हवं होतं. शिवलीलाचे दोन डबे घरात पडून होते आणि अजून येणार होते. लोकाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, एवढं वळण आईने लावलेलं. एकदा उतार लागला की गॅससुद्धा पेटवणं होणार नाही. आत्ताच लाडू करून ठेवले तर अंथरुणातून बोट दाखवून तरी सांगता येईल, तिथले चार घाल गं डब्यात.

त्या गूळ किसत होत्या. किसता किसता त्यांचा हात थांबला.

भोकरेकाकांच्या चकल्या.

गेल्या वर्षी त्या स्वतः भोकरेकाकांकडे फेरीला गेल्या होत्या. काका एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक, घरात एकटे. उताराचा पाचवा दिवस होता. काका भिंतीकडे तोंड करून पडलेले, तोंडावरची माशी हाकलवत नव्हती. तरी निघताना पुटपुटले होते, "डबा तसाच नेऊ नका. फडताळात चकल्या आहेत." घरच्याच होत्या, थोड्या करपलेल्या. वत्सलाताईंनी त्या रस्त्यात खाल्ल्यासुद्धा होत्या! पाच दिवस न उठलेल्या माणसाने चकल्या कधी पाडल्या, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

अर्धा किसलेला गूळ तसाच टाकून त्यांनी सलमाला फोन केला. "कार्यालयात ये. आत्ता."

फेरीहून आलेला प्रत्येक सभासद तीन ओळींची नोंद देई. रुग्ण बोलला का, काय खाल्लं, आणि शेवटी डब्याचं काय झालं. ही शेवटची ओळ कोणी मागितली नव्हती. बायकांनी ती सवयीने लिहायला सुरुवात केली, मग पुरुषही लिहू लागले. यंत्राला तिचा अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून ते ती वगळत असे.

"उताराच्या मधल्या दिवसांतल्या नोंदी काढ," वत्सलाताई म्हणाल्या. "नुसती शेवटची ओळ."

तीनशे बारा नोंदी निघाल्या. डबा परत, बेसनाच्या वड्या. डबा परत, लिंबाचं लोणचं. डबा परत, तिळाची चटणी. सलमा खाली खाली जात राहिली. दोनशे सत्त्याऐंशी डबे भरून आले होते.

"पण त्या दिवसांत तर यांना आंघोळ होत नाही," सलमा म्हणाली.

"म्हणून आधी करून ठेवलेलं. लोणचं मुरायला किती दिवस लागतात, सांग."

सलमा बोटांवर दिवस मोजायला लागली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"अगं, कोशातला प्रत्येक जण कधी ना कधी डबा घेऊन गेलाय. लटक्या फेरीला कोणी माठ भरत नाही. आलेल्याचं तोंड बघून कळतं. कळून आम्ही सगळ्यांनी 'नाही' लिहिलं, आलेल्या माणसावर ठपका नको म्हणून. आणि तुझ्या यंत्राने ते खरं मानलं."

"मग ते पहिले वीस जण? तुम्ही? कळलं म्हणूनच तर दाहकण चढले ना!"

"आम्हाला संदेश आला, सलमा. माणूस आलं नव्हतं." वत्सलाताई म्हणाल्या. "मी सात आठवडे त्या फोनकडे बघत होते. नंतर तुम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्यात. सांगणं बंद केलंत आणि डबा सुरू केलात. उतार निम्म्यावर आले, त्याचं श्रेय न सांगण्याला दिलंत. मीच दिलं, तुम्ही म्हणजे मीपण त्यात. पण न कळणं असं कधी झालंच नाही. मग उरलं काय?"

सलमाने मसुदा उघडला. ती "अज्ञानकवच" हा शब्द जिथे जिथे होता तिथून खोडायला लागली. मग म्हणाली, "पुरावा लागेल, ताई. माहीत असल्याचं कबूल केलेला, आणि तरी डबा चालू असलेला एक तरी रुग्ण."

"आहे की. मीच. माझा अकरावा दिवस कधी येतो?"

"बुधवारी," सलमा म्हणाली आणि तिला रडू आलं. वत्सलाताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिची समजूत काढायचंही त्राण नव्हतं, तेवढंच जमलं. घरी जाऊन त्यांनी प्रश्नावलीत "हो" लिहिलं. गूळ तसाच ओट्यावर राहिला. लाडू झाले नाहीत.

बुधवारी उतार आला. माहीत होतं म्हणून काही तो सोपा गेला नाही. छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटे आणि कूस बदलायची म्हटलं तरी अर्धा तास विचार करावा लागे. बहिणीची आठवण येऊन त्या दोनदा ढसाढसा रडल्या. पण घामपट्टीवरचा दाहकणांचा आकडा संदेश आला त्या वेळी नव्वदच्या वर गेला होता, तो या वेळी एक्केचाळीसवर थांबला.

पाचव्या दिवशी दुपारी शिवलीला आली. दारातूनच सुरू झाली, "काय ताई, इकडनंच चालले..." आणि मध्येच थांबली. आता ते म्हणायची गरज नव्हती.

"सांगलीहून आलीस," वत्सलाताई पडल्या पडल्या म्हणाल्या. "माझ्यासाठी आलीस. बस."

शिवलीला बसली. तिने चार घास भरवले, माठ भरला, तासभर शेजारी नुसती टेकून राहिली. निघताना तिने जुने डबे उचलले आणि सवयीने फडताळाकडे पाहिलं.

"काही नाही गं त्यात," वत्सलाताई म्हणाल्या. "मला नाही झालं करायला."

"राहू दे," शिवलीला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. जिना उतरून तिने पायरीवर बसूनच फेरीची नोंद लिहिली. रुग्ण बोलला, हो. जेवण, चार घास. शेवटची ओळ लिहिताना ती जरा थांबली, कारण तशी ओळ तिने आजवर कधी लिहिली नव्हती. मग लिहिलं, "डबा परत, रिकामा."