चमकणारी कड

“लागला का लाइट?” पलंगावरून पीयूष ओरडला. सकाळपासून हे पाचव्यांदा!

“थांब ना बे जरा!” नीतूने बटण दाबले. काहीच नाही! उलट बॅटरीची तार चटका बसेल इतकी तापली. शेजारच्या हर्षलने ती घाईघाईने उपटली.

दुपारी चारला दुर्गहून गाडी होती. पीयूषचे, नीतूच्या नऊ वर्षांच्या भावाचे, नागपूरला कमरेचे ऑपरेशन व्हायचे होते आणि मग सहा आठवडे नुसते उताणे पडून राहायचे! हा पोरगा सहा मिनिटेही एका जागी टिकत नसे. म्हणून नीतू आणि हर्षलने सुट्टीभर खपून जुन्या गेम कन्सोलचा मदरबोर्ड कापून लहान केला होता. छोट्या पडद्यासकट तो प्लास्टिकच्या डब्यात मावायचा. डबा छातीवर ठेवा आणि खेळा! काल संध्याकाळी तो मस्त चाललाही होता.

“गेम नाही तर मी नागपूरले येतच नाही!” पीयूषने जाहीर केले. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

दारात मोठेबाबा उभे होते. नीतूच्या बाबांचे हे थोरले भाऊ, देवीदास, पोलादाच्या प्लांटमध्ये तेहतीस वर्षे फिटर होते.

“मी सांगतलं होतं ना? चालत्या मशीनले कोनी कापते का? द्या भंगारात!” असे म्हणून ते अंगणात निघूनही गेले.

नीतूचे कान रागाने लाल झाले. “हर्षल, मीटर आन!”

मीटरची एक सुई प्लसला, दुसरी मायनसला. पीं!

“शॉर्ट!” हर्षल म्हणाला. “प्लस-मायनस कुठंतरी चिकटले यार!”

“पण कुठं?”

त्यांनी जोडलेल्या तारा एकेक करून सोडवल्या. दर वेळी मीटर लावायचा, दर वेळी पीं! शेवटची तार निघाली, तरीही पीं! म्हणजे दोष बोर्डातच! साडेबारा वाजले. हर्षल खोलीत येरझारा घालू लागला. नीतूने बोर्ड खिडकीच्या उजेडात तिरका धरला आणि एकदम थबकली.

“काल ही कापलेली कड कशी होती?”

“खरखरीत! माझं बोट नाही का खरचटलं!”

“मग आज काहून चमकून राहिली?”

दोघेही टेबलाखाली वाकले. फरशीवर तांब्याची बारीक भुकटी! आणि खिडकीत कोणाची तरी कानस!

“आता गंमत पाय,” नीतू कुजबुजली आणि साखरेसारख्या आवाजात तिने हाक मारली, “मोठेबाबा! ही कड किती सुंदर केली हो! कोनी केली?”

मोठेबाबा लगेच हजर! छाती फुगलेली! “मीच! पहाटे उठून केली. असा खरखरीत माल आमच्या शॉपमधून बाहेर जात नव्हता! पोट्ट्याचा हात कापला असता ना!”

“सापडले!” हर्षलने टाळी वाजवली.

“मोठेबाबा, या बोर्डात पोळीसारखे पदर असतात,” नीतू म्हणाली. “एका पदरात प्लस, एकात मायनस. तुमी कानस वरून खाली चालवली, अन् तांबं ओढल्या गेलं सगळ्या पदरांवर. म्हणून तर चमकून राहिलं!”

मोठेबाबांचा चेहरा उतरला. तेहतीस वर्षे ज्या चकाकीला साहेबांनी शाबासकी दिली, तिनेच घात केला होता. ते पत्र्याच्या पेटीकडे गेले आणि सगळ्यात बारीक घासकागद घेऊन आले.

“मी घट्ट धरतो. तू घास.”

नीतू पदरांना समांतर, कडेच्या लांबीने हळूहळू घासू लागली. पीं! अजून घासले. पीं! घड्याळात दोन वाजले. आई बॅगा दारात ठेवून गेली. पुन्हा ब्रशने भुकटी झाडली, पुन्हा सुया टेकवल्या.

मीटर गप्प!

“निघाला शॉर्ट! निघाला!” हर्षलने उडीच मारली.

पदर पुन्हा चिकटू नयेत म्हणून आईच्या नेलपॉलिशचा एक हात कडेवर दिला, तो वाळू दिला, तारा जोडल्या आणि नीतूने बटण दाबले. हिरवा लाइट! पडद्यावर गेम सुरू!

“कमाल केली पोट्ट्यांनी!” मोठेबाबांनी दोघांच्या पाठी थोपटल्या. “बाई, आज तू उस्ताद अन् मी तुझा हेल्पर. यापुढे तुले विचारल्याशिवाय कशालेच कानस लावत नाही!”

डबा पीयूषच्या छातीवर ठेवला गेला.

“चाला आता नागपूरले,” तो म्हणाला आणि सकाळपासून पहिल्यांदाच अगदी निवांत पडून राहिला.